एका मापाच्या पट्ट्या

सुतारानं बसूनच काम करायचं, ही आमच्या घरची रीत. मालवणजवळच्या आचऱ्याला, आमच्या घरापुढच्या खळ्यात बाबा खाली बसत, फळी पायाखाली दाबून धरत आणि करवत चालवत. जिथं फळी बसवायची तिथलं माप घ्यायचं, ती त्या जागेपुरती कापायची, घासून बसवायची. दुसरी फळी दुसऱ्या जागेची. त्यांनी केलेल्या दारातून मुंगी आत शिरत नसे. मला त्यांचा फार अभिमान होता आणि त्यांच्याशी माझं रोज वाजायचंही.

पन्नासचं दशक संपत आलं होतं आणि मी विशी ओलांडली होती. माझ्या वयाचे सगळे गिरणीत लागले होते. मीही जायचं हे ठरलं होतं. ठरवणारे दोघं, बाबा आणि काका. काका मुंबईला गिरणीत होते. मे महिन्यात गावी आले होते आणि पावसाआधीच्या शेवटच्या बोटीनं मला घेऊन जाणार होते. मला विचारण्याची गरज कुणाला वाटली नव्हती. मला जायचं नव्हतं. आईला सोडवत नाही, समुद्र सोडवत नाही, असलं काही नाही. मला लाकूड आवडायचं, एवढंच. ताज्या कापलेल्या सागवानाचा वास नाकात गेला की माझा दिवस बरा जायचा.

नेमकं त्याच वेळी मालवणच्या एका व्यापाऱ्याचं काम आलं. त्याची गलबतं होती आणि तो नवं घर बांधत होता. गोव्याला कुणाकडे तरी त्यानं झिलमिलीच्या खिडक्या पाहिल्या होत्या. चौकटीत एकाखाली एक आडव्या पट्ट्या, त्यांना जोडलेली एक उभी काठी. काठी खाली ओढली की सगळ्या पट्ट्या एकदम उघडतात, वर ढकलली की मिटतात. आधी एक खिडकी करून दाखवा, पटली तर सगळं घर तुमचं, नाही तर गोव्याहून माणसं आणतो, असं त्यानं बाबांना सांगितलं. एवढं काम मिळालं असतं तर बाबांना माझ्याशिवाय भागलं नसतं. नाही मिळालं तर मी बोटीत. हिशेब सरळ होता.

पहिली खिडकी बाबांच्या रीतीनं झाली. पहिली पट्टी मोजून कापली. ती दुसरीवर ठेवून रेघ मारली, दुसरी तिसरीवर, तिसरी चौथीवर. आमच्याकडे असंच करतात, मीही तसाच शिकलो होतो. पण दर वेळी रेघेची जाडी तेवढी मापात शिरत गेली. खालच्या पट्ट्या वरच्यांपेक्षा चांगल्याच लांब झाल्या आणि चौकटीला घासू लागल्या. मग बाबांनी एकेक काढून तासली. त्यात काही आखूड झाल्या आणि खुळखुळू लागल्या. व्यापाऱ्यानं काठी ओढून पाहिली आणि म्हणाला, ‘‘अर्ध्यो पट्ट्यो जाग्यो आसत, अर्ध्यो झोपल्यो.’’

माणूस भला होता. आणखी एकदा करून आणा म्हणाला. पण बाबांचं त्या कामावरून मनच उडालं होतं. घरी आल्यावर हातपाय धुण्याआधीच त्यांनी काकांना माझं तिकीट काढायला सांगितलं.

माझं डोकं फिरलं. रागात माझे हात भलतेच चांगले चालतात, ही माझ्या स्वभावातली एकमेव उपयोगाची गोष्ट. फणसाची एक जुनी रुंद फळी होती, ती मी दोन लाकडी घोड्यांवर ठोकली आणि कमरेएवढं टेबल केलं. टेबलाच्या कडेला मागून लाकडाची एक सरळ रीप मारली, पट्टी तिला टेकून राहावी म्हणून. एका बाजूला खैराच्या दोन उभ्या फळ्या एवढ्या जवळ ठोकल्या की त्यांच्यामधून करवत कशीबशी जावी. डावीउजवीकडे वळायची तिला मुभाच नाही. आणि त्या फटीपासून बरोबर एका पट्टीच्या लांबीएवढ्या अंतरावर एक ठोकळा बसवला. आता रेघ नको, पेन्सिल नको. पट्टी सरकवायची, ठोकळ्याला टेकवायची, फटीतून करवत चालवायची. कापली की पुढची.

काका रोज सकाळी येऊन टेबलाभोवती फेरी मारत आणि यावर जेवायला कधी बोलावतोस, असं विचारत. बाबा एकदा आईला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘सुतार उभो रवान काम करता, ह्या मी पयल्यांदाच बघतंय.’’

पहिल्या काही पट्ट्या मी उभ्या धरून टेबलावर आपटल्या आणि टोकांवरून तळवा फिरवला. एकच फळी असल्यासारखा तो सरकला. मी खळ्यात नाचायचाच बाकी होतो. मग पुढच्या पट्ट्या त्यांच्याशेजारी धरल्या. त्या केसभर आखूड होत्या. ठोकळा हलला नव्हता, फळ्या हलल्या नव्हत्या. दुपारी जेवणही सुचेना. शेवटी टेबलाला डोळा लावून पाहिलं तर ठोकळ्याच्या बुडाशी भुसा दाबून बसलेला. पट्टी ठोकळ्याला टेकतच नव्हती, भुशाला टेकत होती. मी ठोकळ्याची खालची कड पटाशीनं तिरकी काढून टाकली, भुसा पडायला जागा केली. त्यानंतर शेवटपर्यंत एक पट्टी चुकली नाही. एकही नाही. इतकी वर्षं झाली, तरी हे लिहिताना मान ताठ होते, होऊ दे.

चौकट मी बाबांकडूनच करून घेतली, कारण त्यांच्याइतकी चौकट मला अजूनही येत नाही. खिडकी बैलगाडीत गवतावर आडवी घालून आम्ही मालवणला नेली. काकाही आले, बोट दोन दिवसांवर होती, त्यांना बंदरावर चौकशी करायची होती. व्यापाऱ्यानं खिडकी ओट्यावर उभी करून घेतली आणि काठी ओढली. सगळ्या पट्ट्या एकदम वळल्या. उन्हाचे सारखे पट्टे त्याच्या धोतरावर पडले. त्यानं काठी ढकलली, ते एकदम गेले. पुन्हा ओढली. पुन्हा ढकलली. मग त्यानं आतून बायकोला बोलावलं आणि तिनंही ओढून पाहिली. ती हसायला लागली आणि माझ्या छातीत आनंद मावेना.

सगळं घर तुमचं, म्हणाला तो. सुरुवात कधी करता, हे त्यानं बाबांना विचारलं. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. ह्येका विचारा, म्हणाले.

आम्ही बाहेर पडलो. काका बंदराच्या वाटेला लागले आणि तिकीट काढून येतो म्हणाले. बाबा रस्त्यातच थांबले.

‘‘ह्येका खंय व्हरतस?’’ ते म्हणाले. ‘‘ह्येचा काम हयसर आसा.’’

काका त्या बोटीनं एकटेच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून खळ्यात आलो तेव्हा बाबा टेबलाशी उभे होते, एक पट्टी ठोकळ्याला टेकवून, करवत हातात घेऊन. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, ‘‘आता काय करूचा?’’