चिखलाची गाडी

माझी शेवटची पोस्टिंग बोर्डीला झाली. तसा कागद कुणी काढला नव्हता. २०१४ साली चोवीस वर्षांची नोकरी संपवून हवालदार म्हणून मी घरी आलो, चिकूच्या वाडीत ट्रंक ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला उठून बसलो. करायला काहीच नव्हतं. लष्करात मी गाड्यांचा मेकॅनिक होतो. म्हणून शंभर सीसीची एक मोटरसायकल घेतली आणि तिलाच युनिट समजून कामाला लागलो.

डीलरकडे मी तिला पहिल्या फुकटच्या सर्व्हिसलाही नेलं नाही. आपला हात जगन्नाथ. दर रविवारी सात ते नऊ मेंटेनन्स. चेनचा ताण, प्लगचा गॅप, एअर फिल्टर, ऑइल, ब्रेक. केलेलं प्रत्येक काम वहीत लिहायचं आणि खाली सही करायची. गाडी डीलरकडे देणाऱ्याला मी माणसात धरत नसे, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगत असे. माझी जीभ पहिल्यापासून कडू. फौजेत तिला शिस्त म्हणत, गावात माज म्हणू लागले.

नाईक लक्ष्मण धोडी माझ्याच युनिटमधला ड्रायव्हर. गाव झरी, तालुका तलासरी. सतरा वर्षं नोकरी करून तो २०१५ साली घरी आला. त्यानेही तसलीच मोटरसायकल घेतली, पण सर्व्हिसिंगला तो ती डहाणू रोडला डीलरकडे न्यायचा. सकाळी गाडी द्यायची, संध्याकाळी घ्यायची, मधला वेळ बाजारात काढायचा. तो सुखात होता. ते सुख मला बघवेना.

आम्ही दहा-बारा माजी सैनिक महिन्यातून एकदा बोर्डीला चहाला जमायचो. २०१७ च्या पावसाळ्यात एकदा सगळ्यांसमोर मी त्याला विचारलं, "लक्ष्मण, डीलरकडे गाडी धुतात, की तुझी अंघोळपण घालून देतात?"

सगळे हसले. तोही हसला.

"उस्ताद, ते लोक शिकलेले हायत. मी ड्रायव्हर. मला नुसतं चालवता येतं."

"सतरा वर्षं सरकारने तुला फक्त स्टिअरिंग धरायला पगार दिला? बाईमाणूससुद्धा हल्ली पाना धरते."

या वेळी तो हसला नाही. "बरं उस्ताद," म्हणाला. "पुढची मी करतो. पण तुम्ही तपासायची."

"रविवारी. दहा वाजता."

इथे तपासणीबद्दल थोडं सांगायला हवं. फौजेत एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने बघायचं, अशी रीत आहे. कितीही मोठा उस्ताद असो, स्वतःच्या कामावर शेवटची सही त्याची नसते. दुसरा नियम असा, की चिखलाची गाडी इन्स्पेक्शनला घ्यायची नाही. आधी वॉशिंग रॅम्पवर धुऊन आणायची. हा नियम कुणी हौसेने केलेला नाही. डोंगरातल्या एका पोस्टिंगवर आम्ही अंधार पडायला आला म्हणून एक गाडी चिखलासकट पास केली. चिखलाखाली ब्रेकचा पाइप गळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ती गाडी दरीत गेली. दोन जवान गेले. मागची गाडी लक्ष्मण चालवत होता. दोर लावून खाली उतरलेल्यांत तोही होता. वर आल्यावर त्याने रेडिओवर एवढंच सांगितलं, "दोन. दोन्ही नाहीत. ओव्हर."

गाडी पास करणारा मेकॅनिक मी नव्हतो. पण त्या दिवसापासून मी चिखलाच्या गाडीला हात लावला नाही.

तो रविवार गणपती उठल्यानंतरचा होता. शनिवारी पाऊस झाला होता, सकाळी ऊन पडलं होतं. मी पडवीत बसलो होतो, सोबत आमच्या चहातले दोघे. नऊ पन्नासला लक्ष्मण अंगणात आला. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. गाडी मात्र गुडघाभर चिखलाने माखलेली. झरीच्या पाड्यावरून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत भातशेतातली वाट आहे, दुसरं काही होणार नव्हतं. तो सावधान उभा राहिला, अर्धं थट्टेने, अर्धं खरं.

"उस्ताद, मागचे ब्रेक शू बदलले. चेन ताणली. ऑइल बदललं. गाडी इन्स्पेक्शनला हजर."

"ही गाडी आहे की म्हैस?"

"वाटेत चिखल होता."

"चिखलाची गाडी इन्स्पेक्शनला आणायची नाही. विसरलास?"

"नाय उस्ताद. इथेच धुतो ना. पाइप चालूच हाय."

पाइप खरंच चालू होता. वाडीला पाणी सोडलं होतं आणि पाइपचं तोंड त्याच्यापासून चार पावलांवर चिकूच्या आळ्यात पडलं होतं. मी बसल्या जागेवरून म्हणालो, "माझं अंगण म्हणजे वॉशिंग रॅम्प नाही. घरून धुऊन आण. आणि यापुढे जमत नसेल तर डीलर आहेच."

पडवीतले दोघे खो-खो हसले. मलाही बरं वाटलं. ते बरं वाटणं मला आजही आठवतं, आणि स्वतःची किळस येते.

लक्ष्मण चिडला नाही. वाद घालणं सोपं होतं, घरून धुऊन आणली तरी वाटेत तोच चिखल लागणार होता. पण दोर लावून दरीत उतरलेला माणूस त्या नियमाशी वाद घालणार नव्हता. "जी उस्ताद. बाराला आणतो," म्हणाला. गाडी वळवली आणि गेला. तेव्हा नऊ पंचावन्न झाले होते. मी त्याची गाडी फक्त पाठमोरी पाहिली.

दहा पस्तीसला फोन आला. झरीच्या अलीकडे उतार आहे. तिथे त्याने ब्रेक दाबला, मागचं चाक जाम झालं, गाडी आडवी झाली आणि समोरून डंपर येत होता. मी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. त्याला तोवर नेलं होतं. नेण्याची घाई करायचं कारण उरलेलं नव्हतं.

तिथल्या पोलिसाने मला ओळखलं. "तुम्ही मिल्ट्रीत मेकॅनिक ना? जरा बघून सांगा, ब्रेकबिक ठीक होता का."

मी खाली बसलो. मागच्या चाकात ब्रेकची प्लेट असते. ती चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला एक लोखंडी पट्टी धरून ठेवते. पट्टीच्या बोल्टला नट, आणि नट सुटू नये म्हणून त्यात आरपार एक पिन, केसातल्या आकड्यासारखी. लक्ष्मणने नट आवळला होता, पिन घालायची राहिली होती. ड्रायव्हर माणूस, आयुष्यात पहिल्यांदा ब्रेक खोलला होता. धक्क्यांनी नट गळाला, बोल्ट निसटला, प्लेट फिरली आणि चाक अडकलं. हे समजायला मला एक मिनिट लागलं. अंगणात पाइपचं पाणी मारलं असतं तरी एकच मिनिट लागलं असतं.

मी उठलो. मागे माणसं जमली होती. आता पोलीस विचारेल, गाडी कुणी तपासली? मग पडवीतले दोघे सांगतील. मी घाबरलो. चोवीस वर्षांत गोळीबाराला घाबरलो नव्हतो तेवढा घाबरलो.

"ब्रेक ठीक आहे," मी म्हणालो. "ताबा सुटला असेल."

त्याने तसंच लिहून घेतलं.

सोमवारी मी झरीला गेलो. त्याची बायको यमुना ओट्यावर बसली होती. तिने मला एकच गोष्ट विचारली.

"साहेब, ते बोलून गेले, उस्तादांना दाखवून येतो. तुम्ही बघितली ना गाडी?"

"हो. बघितली."

"मग गाडीत काय दोष नव्हता."

"नाही."

मग कुणीतरी शेजारी हळूच म्हणालं की रविवार होता, सकाळीच घेतली असेल. मी ते खोडून काढलं नाही. कोरड्या डांबरावर सतरा वर्षं फौजेत गाडी चालवलेला ड्रायव्हर पडतो आणि गाडीत दोष नसतो, म्हणजे दोष माणसात असणार. हिशेब लोकांनी जुळवला, पण आकडा मी दिला होता. महिनाभरात तलासरीपासून बोर्डीपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं, की लक्ष्मण धोडी दारू पिऊन मेला. पडवीतल्या त्या दोघांनाही ते पटलं. त्यांना पटायलाच हवं होतं.

मी मोटरसायकल डीलरकडे न्यायला लागलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाकावर बसून बघत होतो. तिथे गाडी आली की आधी धुतात. कितीही चिखल असो, कुणाचीही असो, कुणी काही बोलत नाही. धुतात आणि मग बघतात. शेवटी दुसरा माणूस येऊन नट तपासतो. मी ज्या लोकांची वर्षानुवर्षं टिंगल केली, ते फौजेची रीत माझ्यापेक्षा बरी पाळत होते.

२०१९ साली आमच्या चहाला एकाने गेलेल्यांची नावं काढली. लक्ष्मणचं नाव आल्यावर तो म्हणाला, "चांगला गडी होता. बाटलीने नेला." सगळ्यांनी माना हलवल्या. माझीही मान हलली. तिथून उठलो तो थेट झरीला गेलो, कारण आणखी एक दिवस गेला असता तर मी कधीच गेलो नसतो हे मला ठाऊक होतं.

यमुना अंगणात भात झोडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पिन, नट, पाइप, मी काय म्हणालो, कोण हसलं, पोलिसाला काय सांगितलं. तिने हातातली पेंढी खाली ठेवली. रडेल, शिव्या देईल, दगड उचलेल, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"दोन वरसं," ती म्हणाली, "मी पोरांना सांगते, बापासारखे होऊ नका."

तिने पेंढी परत उचलली.

म्हणून हे लिहून ठेवतो आणि खाली सही करतो. नाईक लक्ष्मण धोडी, ड्रायव्हर. सतरा वर्षं नोकरी, एकही अपघात नाही. त्या सकाळी तो शुद्धीत होता. दहाची वेळ दिली होती, नऊ पन्नासला हजर होता. त्याची गाडी मी बघितली नाही.