आठ उजवे, आठ डावे

ऑगस्टच्या दुपारी तापलेल्या डांबराला एक वास असतो. त्यात सनस्क्रीनचा गोडसर आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा ओला वास मिसळला, की मला हल्ली ड्रम कोअर आठवतं. उन्हाळाभर बसमधून गावोगाव हिंडणारं, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपणारं, तरण्या मुलामुलींचं हे वाद्यपथक. माझी रेवा त्यात तीन वर्षं स्नेअर वाजवत होती, म्हणजे तो कडकडणारा लहान ड्रम. आणि वयाच्या नियमाप्रमाणे हा तिचा शेवटचा उन्हाळा होता.

तिला शिकवलं एडिसन या अमेरिकी गावातल्या आमच्या शेजारच्या फ्रँककाकांनी. काका ते आम्हीच केलेले. ऐंशी ओलांडलेला, तरुणपणी गावातल्याच कोअरमध्ये वाजवलेला हा माणूस आपल्या गॅरेजमध्ये रबराच्या गोल तुकड्यावर तिच्याकडून रोज एकच धडा घोटून घ्यायचा: उजव्या हाताचे आठ ठोके, मग डाव्याचे आठ, सगळे एकसारखे. सातवा हलका पडला की पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या काळी ड्रम पट्ट्याने तिरका लोंबायचा आणि चालताना मांडी काळीनिळी करायचा. आता तो खांद्यांवरच्या सांगाड्यावर सपाट बसतो. जिथे नुसते बिगुल होते, तिथे माइक आले, सिंथेसायझर आले, मैदानभर जिने आणि कमानी आल्या. ढोल चिमूटभर आणि नाटक मणभर, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटत काकांनी शो पाहणं केव्हाच सोडलं होतं. रेवाचेसुद्धा. सहा वर्षं शिकवायचं आणि पाहायला मात्र यायचं नाही, याचा मला भयंकर राग यायचा.

शेवटच्या आठवड्यात तिचा फोन आला. "आई, शो स्किप करू देत त्यांना, पण पार्किंग लॉटमध्ये तरी घेऊन ये ना. जस्ट वॉर्म-अप. लास्ट चान्स आहे गं."

मी गेले आणि त्या माणसाशी चक्क भांडले. शेवटी त्यांनी खुंटीवरची टोपी काढली.

शोआधी ड्रमवाले लॉटमध्ये अर्धवर्तुळात उभे राहून हात मोकळे करतात आणि जाणकार मंडळी त्यांच्याभोवती कोंडाळं करतात, ही रीत मात्र जुनीच. काका वॉकर टेकत आणि मी त्यांच्या बाजूने, आम्ही पुढे सरकलो. रेवा मधोमध उभी, उन्हाने रापलेली, मानेवर घामाचा ओघळ. तिने हलकेच काठी आपटून ताल दिला आणि सगळी ओळ एकदम सुरू झाली. आठ उजवे. आठ डावे. नऊ ड्रम, पण कानाला एकच. माझा ऊर असा भरून आला, की शेजारच्या अनोळखी बाईला मी सांगून टाकलं, ती मधली माझी मुलगी.

"आमच्या कोअरमध्ये मुली घ्यायच्या का, म्हणून एकदा मत घेतलं होतं," काका समोर पाहतच इंग्रजीत म्हणाले. "नको म्हणायला माझा हात सगळ्यांत आधी वर गेला होता."

पुण्यात दहावीत असताना ताशाच्या पथकाने हे मुलींचं काम नव्हे म्हणून परत पाठवलेली मी. बोलायला कितीतरी होतं. पण इतकी वर्षं त्यांना टोचत होता तो माइक नव्हे, तो वर गेलेला हात, हे मला तेव्हा कळलं, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. वॉकरच्या मुठीवर उजवी बोटं आठ वेळा हलली, थांबली. मग डावी सुरू झाली. रेवाने आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही. ओळीत असताना नजर हलवायची नसते, हेही त्यांनीच शिकवलेलं.

वॉर्म-अप संपला. एकाच ड्रमच्या ठोक्यावर पावलं टाकत ओळ मैदानाकडे निघाली. काकांना घरी सोडायला मी गाडीची किल्ली काढली, तर त्यांनी वॉकर मैदानाच्या फाटकाकडे वळवला आणि माझी वाट न पाहता ते चालू लागले, डावं, उजवं, त्याच ठोक्यावर. माझ्या फोनमध्ये शोची दोन तिकिटं मे महिन्यापासून होती.