चार वाजताचं बोलावणं

आमच्या हिमायतनगरच्या ऑफिसात जेवणानंतरची दुपार फार सुस्त असते. ऊन टेबलावरून सावकाश सरकतं, पंखा तेच तेच बोलत राहतो आणि मी अ‍ॅडमिनचं पान उघडून अर्धवट पेंगत बसतो. सगळ्यांचे ईमेल, कॅलेंडर, पासवर्ड माझ्या हाती. सगळं नीट चाललं तर मी कोणाला आठवत नाही, बंद पडलं की माझाच नंबर सगळ्यांना पाठ.

चार वाजता प्रत्येकाच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उगवायची: 'चहा'. हे रोजचं आमंत्रण अक्कांनी लावलेलं. अक्का हिशेब खात्यातल्या, बरकतपुऱ्यात राहणाऱ्या. ऑफिसात माझ्याशी मराठी बोलणाऱ्या त्या एकट्याच, बाकी सगळे तेलुगू नाहीतर हिंदी. त्या रिटायर झाल्या तरी चौकट उगवत राहिली आणि आम्ही झोपेतून उठल्यासारखे चहाला जात राहिलो. बोलावतंय कोण, हे कोणी विचारत नव्हतं. मला ते फार आवडायचं.

मग नवी सोय आली. नोकरी सोडलेल्या माणसाचं खातं बंद केलं की त्याने लावलेल्या पुढच्या सगळ्या मीटिंगा आपोआप रद्द. आधी ही बेवारस आमंत्रणं एकेक काढताना माझ्या नाकी नऊ यायचे, तेव्हा मी खूश व्हायला हवं होतं. साहेब म्हणाले, जुनी खाती आता बंद करून टाक. त्यांचं बरोबरच होतं. रिकामं खातं उघडं ठेवणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देणं.

अक्कांना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, चहाला न येणारा 'आज नाही' दाबतो ना, ते उत्तर आमंत्रण लावणाऱ्याकडे येतं. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून झाला की त्या मोबाइलवर तेवढं बघायच्या. आज कोण आलं नाही, कोण रजेवर असेल, कोण नुसतंच रुसलं असेल, याचा विचार करत बसायच्या. ऑफिसशी त्यांचा तेवढाच धागा उरला होता.

"बंद कर बाबा, तुझं काम आहे ते," त्या म्हणाल्या. "मी काय की उगीच बघत बसते."

मला गलबलून आलं. रागही आला, कोणावर ते कळेना.

आमंत्रणाचा मालक बदलता येतो का, हे मी सारी दुपार शोधलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये येत नव्हता. मदतीच्या पानावर एकच उपाय होता: जुनं रद्द करा, नवं लावा. मी खातं बंद केलं. त्या दिवशी चार वाजून गेले आणि जागचं कोणी हललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या नावाने चहाचं नवं आमंत्रण लावलं. सगळी मंडळी घेतली आणि शेवटी अक्कांचा घरचा ईमेलही घातला. बाहेरच्या माणसाला बोलवायला साहेबांची परवानगी लागते. चहालाच ना, एवढंच विचारून ते हो म्हणाले.

संध्याकाळी अक्कांचा फोन आला.

"अरे, इथे येणार का म्हणून विचारतंय. इतकी वर्षं मीच सगळ्यांना बोलवायची, मला कोणी विचारलंच नव्हतं. हौ दाबलं तर खरंच यायचं का रे?"

"या की अक्का," मी म्हणालो. "उद्या चार वाजता."

त्यांनी विचारलं, बरकतपुऱ्याहून ऑटोने किती वेळ लागतो. जणू त्या वाटेने त्या कधी आल्याच नव्हत्या.