हातात धरलेला विडा

त्या दिवसांत मी अंगानं कोल्हापुरात आणि मनानं शाहूवाडीच्या डोंगरात राहत असे. तिथल्या एका शाळेत मास्तर हवा होता आणि मी अर्ज केला होता. डोळे मिटले की भाताची खाचरं दिसत, ओसरीवर बसलेली मुलं दिसत, आणि फळ्यावर माझंच अक्षर. शिकणं ही कुणा एका जातीची मिरास नाही, असं सांगणारी पत्रकं वाचतच मी मोठा झालो होतो. ते कुठंतरी आपल्या हातानं खरं करावं, एवढंच मनात होतं.

पण उत्तर येईना. थोरला भाऊ म्हणाला, "एकाच दाराशी उभा ऱ्हाणार व्हय? चार ठिकाणी बघ की."

म्हणून मी गुळाच्या एका अडत्याकडं गेलो. परगावच्या व्यापाऱ्यांना पत्रं लिहिणारा माणूस त्यांना पाहिजे होता. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मोजकं. माझ्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या, कागद उजेडात धरून पाहिला आणि विडा पुढं केला.

त्या पेठेत विडा खाल्ला म्हणजे शब्द दिला. मग वर्षभर दुसरीकडं जायचं नाही. मला हे ठाऊक होतं. तरी भिडेपोटी विडा घेतला, आणि खाल्ला मात्र नाही. नुसता हातात धरून बसलो. बाहेर गाडीतून ढेपा उतरत होत्या. गोड, जड वास. उन्हात तरंगणारी धूळ. त्या धुळीतून मला डोंगराची वाट दिसू लागली. किती वेळ गेला कोण जाणे.

"पावणं, विडा खायाचा असतोय, राखायचा न्हाय!" गाडीवाला ओरडला.

"नवरदेवागत बसलंय बघा," एक हमाल म्हणाला, आणि सगळे हसले.

निघताना भावानं बजावलं होतं, 'आधी हो म्हण, पत्र आलं तर पुढचं पुढं बघू.' ते 'हो' ओठांवर आलंही. पण दुसऱ्यांच्या लबाडीवर रोज तावातावानं बोलणारा मी! मी विडा तबकात ठेवला.

"मालक, मी शाळेसाठी अर्ज केलाय. पत्र आलं तर जाणार. हे आधीच सांगायला पाहिजे होतं."

हेही काम गेलं, असं मी धरून चाललो. मालकांनी विडा उचलला, स्वतःच्या तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"मग विडा न्हाय. रोजावर या. पत्र आलं की जावा, पर आदल्या दिशी सांगायचं."

पत्र आलं तेव्हा मी बेळगावच्या व्यापाऱ्याला उत्तर लिहीत होतो. वाचून ते मालकांपुढं ठेवलं. शाळेनं मला बोलावलं होतं.

"हातातलं तेवढं पुरं करा," ते म्हणाले, "आन उद्या निघा."

चारच ओळी उरल्या होत्या. त्या लिहिताना टाकावरची शाई दोनदा वाळली.