शंकासुराने पाहिलेला कपडेपट

कपडेपटाच्या मावशींना त्या मूल्यमापकाचा पहिल्याच भेटीत उबग आला. मावशी नाटकमंडळ्यांना भाड्याने कपडे देत. राजाचे अंगरखे, सेनापतीचे डगले, राणीचे घोळदार झगे, आणि भिकाऱ्याची लक्तरंसुद्धा, तीही धुऊन इस्त्री केलेली. नवऱ्यामागे वरच्या मजल्यावरची ही लांबलचक खोली हाच त्यांचा पोटापाण्याचा आधार. खाली सुतारखाना, तिथे भुशाचे ढीग. जागेच्या मालकाने बजावलं होतं, मालाचा विमा काढा नाहीतर खोली सोडा. विमा कंपनीने मालाच्या किमतीचा अहवाल मागितला आणि तो लिहायला हा गृहस्थ आला.

आला तो प्रत्येक कपडा खुंटीवरून काढून उजेडात धरू लागला. कापड कुठलं, बटणं कसली, कुणी शिवलं, किती वेळ लागला. मावशींचे धाकटे दीर हिशेब बघायचे. ते कंटाळले. "साहेब, जुने कपडे ते. भंगाराच्या भावाने लिहा आणि मोकळे व्हा." आकडा लहान तर हप्ता लहान, हे त्यांचं गणित मावशींनाही पटलेलं होतं. हात आखडलेला असला की असली गणितं लगेच पटतात.

"विकायचेत का हे?" मूल्यमापकाने विचारलं.

"छे, विकून खायचं काय?"

"मग विकून किती येतील हा प्रश्नच नाही. उद्या हे सगळं गेलं, तर असंच पुन्हा उभं करायला किती लागेल, तेवढंच मला लिहायचंय. विमा किती रकमेचा घ्यायचा ते तुम्ही ठरवा."

दिरांनी लगेच दुसरं टोक गाठलं. "मग वाढवूनच लिहा की. वरच्या रकमेत तुमची टक्केवारी धरू."

मूल्यमापकाने पेनाला टोपण लावलं. "मी वेळेचे पैसे घेतो. आकडा मोठा असो की छोटा, माझी फी तीच." दिरांचं तोंड एवढंसं झालं.

राणीच्या झग्यांची पेटी तेव्हा एका नाटकमंडळीबरोबर दौऱ्यावर होती. मावशींनी आतला एकेक झगा तोंडपाठ सांगितला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि लिहिलं, 'पेटी पाहिलेली नाही, किमतीत धरलेली नाही.' मावशी भडकल्या. "माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

"आहे ना," तो म्हणाला, "पण अहवालात मी पाहिलेलं तेवढंच लिहायचं असतं."

त्या दिवसापासून मावशींनी त्याचं नाव शंकासुर ठेवलं.

पेटी परत आल्याचं कळताच शंकासुर न बोलावता हजर. एका झग्याचं अस्तर दौऱ्यात उसवलं होतं. त्याने आत कशिद्याची उलटी बाजू पाहिली, बोट फिरवलं, मग झगा बाजूला ठेवून सेनापतीचे डगले मागितले. त्यांच्या अस्तराचे चार टाके मावशींकडून उसवून घेतले, आत वाकून पाहिलं आणि जुन्या अहवालातल्या आकड्यावर काट मारली.

"मावशी, मी चुकलो. इतकं सारखं काम पाहून मशीनचा कशिदा समजलो आणि तसा भाव लावला. हे सगळं हाताचं आहे."

"माझ्या आईच्या हातचं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही कुठे माझ्या शब्दावर लिहीत होतात?"

तो पहिल्यांदाच हसला. आठवड्याभरात नवा अहवाल आला. त्यात पहिल्याच पानावर त्याने लिहिलं होतं की आधीचा आकडा चुकीचा होता, आणि तो का चुकला. दुसऱ्या फेरीचे जादा पैसे मागितले नव्हते.

"स्वतःच्या चुकीची अशी दवंडी कोण पिटतं?" दीर म्हणाले.

मावशींनी मात्र ते पान दोनदा वाचलं. मग हप्त्याच्या नावाने बोटं मोडत त्यांनी पूर्ण रकमेचा विमा घेतला.

पुढच्याच वर्षी सुतारखान्याने पेट घेतला. माणसं वेळेवर बाहेर पडली, पण वर काळ्या पडलेल्या खुंट्या तेवढ्या राहिल्या. मावशी रस्त्यावर उभ्या होत्या. आईचे टाके गेले, ते काही कुठला विमा आणून देणार नव्हता. प्रश्न आता उद्याच्या चुलीचा होता.

कंपनीचा अधिकारी कपाळाला आठ्या घालूनच आला. जुन्या कपड्यांची एवढी किंमत त्याच्या गळी उतरेना. मग त्याने अहवाल उघडला, पहिलं पान वाचलं, पुन्हा वाचलं. "न विचारता जो आपली चूक लिहून देतो," तो म्हणाला, "त्याच्या बाकीच्या ओळी कशाला उकरायच्या?" रक्कम पूर्ण मिळाली. नवी जागा मिळाली, कापडाचे तागे आले, शिंपी बसले, आणि मावशींच्या डोळ्यांचं पाणी काही केल्या खळेना. ज्या माणसाच्या नावाने इतकी नाकं मुरडली, त्यानेच आपल्याला उघड्यावर येऊ दिलं नव्हतं.

त्यांनी स्वतः शिवलेला एक लोकरी कोट घेऊन त्याचं ऑफिस गाठलं. त्याने कोट हातात घेतला, तोंडभरून कौतुक केलं आणि घडी घालून परत दिला.

"नव्या मालाची किंमत करायला पुन्हा मीच येणार. तुमचा कोट अंगावर घालून आलो, तर माझ्या आकड्यावर कुणी का विश्वास ठेवावा?"

"मग निदान नव्या कपड्यांच्या पहिल्या प्रयोगाचा पास तरी घ्या."

"तोही नको."

मावशी पाय आपटत घरी आल्या. आभारसुद्धा परत करणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

नव्या कपड्यांचा पहिला प्रयोग लागला. सेनापती रंगमंचावर गेला तेव्हा मावशींनी विंगेतून प्रेक्षकांवर नजर टाकली. अगदी मागच्या, स्वस्तातल्या रांगेत शंकासुर बसला होता. विकत काढलेलं तिकीट अजून त्याच्या हातात होतं. मावशी पडद्याआड थोड्या सरकल्या आणि अंधारात त्यांनी हळूच त्याचे आभार मानले. इतक्या लांबून त्याला ते परत करता येणार नव्हते.