परक्या सणाचा सदरा

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टर सहाच्या क्वार्टरसमोर रायपूर विमानतळाची गाडी उभी होती आणि बाबा माझ्या बॅगेला सुतळी बांधत बसले होते. चाकांची, नंबरचं कुलूप असलेली नवी कोरी बॅग. तिला सुतळी कशाला, असं माझ्या नवऱ्याने भीत भीत म्हणून पाहिलं. "कुलुपाचा काय भरोसा," असं म्हणत बाबांनी आणखी एक गाठ मारली. आईने माझ्या तळहातावर दही ठेवलं, ओटी भरली आणि मग काहीतरी काम हवं म्हणून पेरूच्या झाडाला पाणी घालायला निघून गेली. फाटकाशी शेजारच्या तेलुगू मावशी, समोरचे बिहारी काका, मागच्या लाइनीतली बंगाली वहिनी अशी सगळी उभी होती. आमच्या गल्लीत मूळचं तिथलं कोणीच नव्हतं, त्यामुळे निरोप कसा द्यायचा हे सगळ्यांना नीट ठाऊक होतं. गाडी सुरू झाल्यावर बाबा खिडकीत वाकून म्हणाले, "कोनासोबत भांडू नको तिकडं." माझा स्वभाव त्यांना माहीत होता.

मी आले कॅनडात, हॅमिल्टन नावाच्या गावी. नवऱ्याची नोकरी तिथे होती. गावात शिरताना पुलावरून पाहिलं तर खाली तळ्याकाठी पोलादाचा कारखाना, चिमण्या, धूर. सातासमुद्रापार येऊन पुन्हा प्लांटच्याच सावलीत राहायचं नशिबी होतं. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, रेल बनवतात का तिथे? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांना माझ्या अज्ञानाची फार कीव आली. ते रेल मिलमध्ये होते, रेल्वेचे रूळ बनवायचे.

तुम्ही जे तिकडेच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, त्या दोघांनाही पुढचं सांगताना मी जरा अडखळते. काही वर्षांनी मे महिन्यात मला मुलगा झाला. त्याचं बारसंही झालं नव्हतं, टाके ओले होते, आणि भिलाईतच हुडको वसाहतीत राहणाऱ्या दादाचा फोन आला. बाबा ड्यूटीवरून आले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले. निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. बाळाचा पासपोर्ट नव्हता, माझ्यात उभं राहायचं बळ नव्हतं. दादाने फोन धरला आणि मी आमच्या अंगणातली गर्दी पडद्यावर पाहिली. मला बाबांचे पाय दिसले, चेहरा नाही. दादाला कसं सांगणार, फोन जरा वर धर म्हणून?

आमच्याकडे एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं आणि बाहेरगावची लेक आली की फाटकापासूनच रडणं सुरू होतं. आई लेकीच्या गळ्यात पडते आणि तोवर छातीत दाबलेलं सगळं बाहेर येतं. लेक येईपर्यंत आईचं खरं रडणं आत अडून राहिलेलं असतं, असं मी लहानपणापासून गल्लीत पाहिलं आहे. माझी आई तशीच थांबली आणि मी गेलेच नाही. "आई रडलीच नाई अजून," दादा पंधरा-वीस दिवसांनी म्हणाला. "सगळं करते. जेवते, झाडते, भांडी घासते. पन जशी काही घरात नाईच."

फोनवर ती दोनच शब्द बोलायची. हो आणि बरं. बाळ पालथं पडलं, बरं. दात येतोय, बरं. प्लांटचं क्वार्टर ठरावीक मुदतीत सोडायचं होतं आणि दादाने हुडकोत तिच्यासाठी खोली रिकामी केली होती, पण ती जागची हलायला तयार नव्हती. विषय काढला की उठून आत जायची. राखी गेली, पोळा गेला, महालक्ष्म्या गेल्या, दसरा गेला. ज्या घरी माणूस गेलं त्या घरी वर्षभर सण नसतो. लग्न झालेल्या लेकीला तसं बंधन नाही म्हणतात, पण मीही काही केलं नाही. आईच्या अंधाऱ्या घराकडे पाठ करून मी पुरणपोळ्या कुठे लाटत बसू?

अशात ऑक्टोबर अर्धा सरला. शेजारी टोनी नावाचे आजोबा राहतात, तरुणपणी इटलीहून आले, जन्मभर त्याच पोलाद कारखान्यात भट्टीवर काम केलं, आता टोमॅटो लावतात. त्यांनी कुंपणावरून विचारलं, "बाळ यंदा काय होणार?" हॅलोविनला काय सोंग घेणार, असं त्यांना विचारायचं होतं. दुकानात भुताची, चेटकिणीची, भोपळ्याची तयार सोंगं ढिगांनी मिळतात. पण माझ्या डोक्यात आलं की शाळेच्या गॅदरिंगला मी झाशीची राणी झाले, मोर झाले, एकदा तर रेल्वेचा सिग्नल झाले, ते सगळं आईने पायमशीनवर शिवलं होतं. अख्ख्या लाइनीतल्या पोरांचे फॅन्सी ड्रेस आमच्याच व्हरांड्यात तयार व्हायचे. बाबा गेल्यापासून त्या मशीनवर चादर पडली होती. मी जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक मशीन आणलं. आईला बोलतं करायला निमित्त हवं होतं, एवढंच.

माझी सकाळ म्हणजे तिची संध्याकाळ. बाळाला मांडीवर घेऊन मी व्हिडिओ कॉल लावला.

"आई, लेकरासाठी ड्रेस शिवून राहिली मी. इथं सण आहे. पोरं सोंगं घेऊन घरोघरी जातात, लोक चॉकलेटं देतात."

"आपल्याले यंदा सण नाई."

"हा आपला नाहीच ना. इथल्या लोकांचा आहे. भुताखेतांचा."

 आता ती फोन ठेवणार, असं मला वाटलं. मग तिने पदर सारखा केला. "दुसऱ्याच्या सणाले आपली बंदी कशी लागंन," ती स्वतःशीच म्हणाली, आणि मग मला, "काय शिवून राहिली?"

"भोपळा."

"भोपळा? कावून? लेकराले भाजीत टाकाचं हाय का?"

पाच महिन्यांत पहिल्यांदा ती मला रागावली. मला इतका आनंद झाला की मी मुद्दामच भोपळ्याची बाजू घेऊन भांडले.

फोन समोर तसाच ठेवून, नारिंगी कापड शोधायला मी चिंध्यांची पिशवी टेबलावर उलटी केली. त्यात बाबांचा खाकी सदरा निघाला, ड्यूटीवर घालायचा. मी भारतातून निघाले तेव्हा मिक्सरचं भांडं फुटू नये म्हणून त्यांनीच तो त्याला गुंडाळला होता. कॉलर विरलेली, बाहीवर ठिणगीने पडलेलं भोक, त्यावर आईचा रफू. मी तो पटकन खाली सारला, पण तिने पाहिलं होतं.

"वर धर," ती म्हणाली.

मी धरला. बराच वेळ धरून ठेवला. बाबांचे सगळे कपडे तेराव्यानंतर वाटून टाकले होते. गेलेल्या माणसाचं वस्त्र घरात ठेवत नाहीत, लेकराच्या अंगाला तर लावतच नाहीत. क्वार्टरमध्ये त्यांचा एक रुमालही उरला नव्हता. "मी ठेवून देते आत," मी म्हटलं.

"थांब. हा त्याईनं तुले जित्तेपनी देल्ला ना?"

"हो."

"मंग हा मेल्या मानसाचा नाई. जित्त्या आज्याचा हाय. आज्याच्या जुन्या धोतराचीच तं दुपटी करतेत लेकराले." तिने फोन जवळ ओढला. "भोपळा ऱ्हाऊ दे. ह्याचा सदरा कर. नातवाले पाठव ड्यूटीवर."

माझ्याने कात्री लावेना. जगात उरलेला त्यांचा हा एकच सदरा, आणि त्याचे तुकडे करायचे? तसं मी तिला म्हटलंही. ती म्हणाली, "ठेवला तं कसर लागंन. काप."

त्यानंतर रोज सकाळी आम्ही शिवायला बसलो. तिने मशीनवरची चादर काढली, हिंदी पेपर पसरला आणि बेतून दाखवू लागली. इंचात सांगितलेलं माप तिला पटेना. "वीत सांग. तुही वीत माह्याएवढीच हाय." बाळ मध्येच रडायचं, मी त्याला पाजायला घ्यायची, तेवढ्यात ती तिकडून कागदाची बाही कॅमेऱ्यापुढे नाचवायची आणि ते दूध सोडून बघत राहायचं. खिसा आहे तसाच ठेवायचा, बटणं तीच लावायची, रफू उसवायचा नाही. तिचे हुकूम सुटत होते आणि मी ऐकत होते. दादाने एकदा फोनमध्ये डोकावून पाहिलं आणि तसाच बाहेर गेला.

सदरा तयार झाला आणि बाळाला होईना. मी उघड्या अंगाचं माप घेतलं होतं. भिलाईत त्या दिवसांत पंखा लागतो, आणि इथे डोक्यापासून पायापर्यंत जाड अस्तराचा सूट घातल्याशिवाय लेकराला दाराबाहेर काढता येत नाही. त्या सुटावरून सदरा पोटाशी वीतभर उघडा राहिला. खाकी कापड संपलं होतं. माझा धीर सुटला. एवढासा सदरा, तोही मी वाया घालवला.

"भिलाईचं माप घेतलं तुनं," आई म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं की काय, मला नीट कळलं नाही. "दोनी बाजूनं कळ्या घाल. म्या धाडलेलं हिरवं दुपटं हाय ना? माह्या पातळाचं? ते उसव."

मी ते उसवलं. बगलेपासून खालपर्यंत दोन्हीकडे हिरव्या कळ्या बसवल्या. खाकी आणि हिरवा, काही मेळ नव्हता. पण बटण लागलं. पिवळ्या जाड कापडाचं हेल्मेट मी माझ्या अकलेने केलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी, हॅलोविनला, गल्लीत चेटकिणी, सांगाडे आणि पऱ्या फिरत होत्या, सगळ्यांच्या सोंगांवर कोट. आम्ही टोनी आजोबांचं दार वाजवलं. ते चॉकलेटांची परडी घेऊन आले आणि तसेच उभे राहिले. सगळ्या वाटेत लोकांनी विचारलं होतं, हा काय झालाय, पोस्टमन का? त्यांनी विचारलं, "कुठल्या मिलला आहे हा?"

"रेल मिल," मी म्हणाले. "भिलाई. माझे वडील होते. मे महिन्यात गेले."

त्यांनी बाहीवरच्या रफूला बोट लावलं. मग स्वतःची बाही वर सरकवून मनगटावरचा भाजल्याचा जुना, गुळगुळीत झालेला डाग दाखवला. आत बायकोला हाक मारली, तीही थंडीत दाराशी आली. बाळाने परडीतला कागद तोंडात घातला. कॅनडात येऊन इतकी वर्षं झाली, पण बाबा कोण होते हे तोवर मी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

मी दादाच्या फोनवर फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. तिने आपणहून केलेला, बाबा गेल्यानंतरचा पहिलाच. मी स्वयंपाकघरात उभी होते. फोटो पाहून ती काय म्हणेल याची मी रात्रभर कल्पना करत होते, आणि ती म्हणाली, "बाह्या उलट्या लावल्या तुनं."

"काय?"

"डावी उजवीकडं लावली. रफू समोर येऊन ऱ्हायला. तो कोपराच्या मागं होता. मले माहीत हाय ना. म्याच केल्ता. सेकंड शिफ्टहून आल्ते, हात भाजला म्हून सांगतलं नाई, सदरा लपवून ठेवला धुन्यात..."

 आधी एक बारीक आवाज आला, मग मोठा, मग तिने फोन कुठेतरी टेकवला आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. शेजारच्या तेलुगू मावशी धावत आल्याचं मला ऐकू आलं. मीही रडत होते, बाळाला कडेवर घेऊन, गॅसवरचं दूध उतू जात असताना. आम्ही एकमेकींना काही समजावलं नाही. ती बाबांना नावाने हाका मारत होती, ज्या तिने आयुष्यात कधी मारल्या नव्हत्या.

खूप वेळाने तिने तोंड पुसलं. "दादाले सांगते सामान बांधाले," ती म्हणाली. "इथं काय हाय आता. भिंती प्लांटच्या."

ते क्वार्टर आता दुसऱ्या कोणाचं आहे. पुढे कधी भिलाईला गेले तर त्या फाटकाशी उभं राहून परक्या घराची बेल वाजवायची, की पुढे हुडकोला जायचं, याचा मी विचार करत नाही. तुमच्यापैकी जे निघून आले आणि वेळेवर परत पोचू शकले नाहीत, त्यांना मला एवढंच सांगायचं आहे की बाबा मे महिन्यात गेले आणि मी घरी पोचले नोव्हेंबरात, फोनवर का होईना, आई माझ्या गळ्यात पडून रडली तेव्हा.