पंखातली टाकी

जिंतूरहून निघालेल्या एसटीत एक अनोळखी माणूस माझ्या शेजारी होता. खिडकीखालचा पत्रा बोटाने दोनदा ठोकायचा आणि कान देऊन थांबायचा. मी कारण विचारलं.

"मी विमानं दुरुस्त करायच्या कामावर होतो. विमानाच्या पंखात इंधनाची टाकी असती. जोडीदार तपासायला आत सरपटायचा, मी बाहेरून ठोकायचो. त्यानं उलट ठोकलं की समजायचं, जित्ता हाय."

"मग?"

"एकदा उत्तरच आलं न्हाई. आतल्या वाफेनं गुदमरला. आता रोबोट आत जायलाय. लय चांगलं झालं. पण माणूस गेल्यावर आणला."

चारठाण्याला तो उतरला आणि त्याने बाहेरून माझ्या खिडकीखाली दोनदा ठोकलं. लोक बघत होते, म्हणून मी उलट ठोकलं नाही. बस हलली, तरी तो ठोकत सोबत धावू लागला. मी आतून ठोकलं, तेव्हाच थांबला.